खोडलेलं

आमच्या देशात आडनाव नसतं बहुतेकांना.
बापाचं नाव घ्यायचं, पुढे ‘सोन’ जोडायचं, झाला मुलगा;
‘दोत्तिर’ जोडलं की मुलगी.
आईचंही लावता येतं. कायदा आड येत नाही.
गाव येतं.

आर्नवोगुर: एकशे नव्वद माणसं, एक दुकान, एक शाळा,
आणि दक्षिणेला असा डोंगर
की नोव्हेंबर सरताना गेलेलं ऊन
दोन महिने खाली उतरत नाही.
रात्री कुणाची गाडी कुणाच्या दारात होती
ते सकाळी बर्फातल्या चाकोऱ्या सांगतात.
इथे लपवायचं ते काय, असं मीच म्हणायचे.

जानेवारीत पाचवीला निबंध दिला: मी कोण.
अकरा मुलं, एक सामायिक फाइल, प्रत्येकाला एक पान.
त्याच फोल्डरात पालकांसाठी यादी टाकली,
ऊन परतेल त्या दिवशी पॅनकेक कोण आणणार,
मुरंबा कोण, साय कोण.
नावं त्यांनीच भरायची, म्हणून सगळं खुलं ठेवलं.
लिंक पाठवली. एकच. घाईत, बटाटे उकळत असताना.

शुक्रवारी दूध आणायला गेले
तर गल्ल्यावरची थोरकात्ला पिशवी भरता भरता म्हणाली,
“सोल्वी आता स्टेनुन्नारसोन होणार म्हणे?
हाउवर्दुरला कळलंय का?”
हाउवर्दुर त्याचा बाप. तेव्हा समुद्रावर होता.

घरी येऊन फाइल उघडली.
सोल्वीच्या पानावर सगळं सरळ:
सोल्वी हाउवर्द्सोन, वय दहा, आवडता मासा कोणताच नाही.
वर कोपऱ्यात ते घड्याळाचं चिन्ह.
मी दाबलं.
दाबायला नको होतं हे दाबतानाच ठाऊक होतं.

बुधवार, रात्री अकरा चाळीस: सोल्वी स्टेनुन्नारसोन.
अकरा एक्केचाळीस: खोडलेलं.
अकरा त्रेचाळीस: पुन्हा.
असं बारा वाजून सहा मिनिटांपर्यंत.
सव्वीस मिनिटं एका पोराने
आईचं नाव अंगावर घालून पाहिलं, काढलं, पाहिलं,
दार लावलंय अशा समजुतीत.

दार मी उघडं टाकलं होतं.
‘लिंक असलेला कोणीही.’

कागदावर खोडरबर फिरवला
की भुगा फुंकरीने उडतो.
इथे लिहिलेल्यापेक्षा खोडलेलंच
नीट जपून ठेवतात, मिनिटासकट.
मुख्याध्यापक म्हणाले, लहान गाव आहे,
भिंतीलाही कान असायचेच.
असतील, मी म्हटलं,
पण भिंत वेळ लिहून ठेवत नाही.

त्याच रात्री कुलपं लावली, एकेका नावापुढे.
फाइल कचऱ्यात टाकली.
कचऱ्यातही ती तीस दिवस राहते म्हणे.

सोमवारी बाकीची मुलं गेल्यावर
तो बूट घालत होता, तेव्हा सांगितलं.
“तुम्ही वाचलंत?”
“हो.”
“बाबांनी?”
“माहीत नाही.”
दुसरं उत्तर जास्त वाईट होतं.
तो नाडी बांधत राहिला,
बांधून झालेली.

पंचवीस तारखेला ऊन आलं.
नऊ मिनिटं, फळ्याच्या डाव्या अर्ध्यावर.
पॅनकेकची यादी यंदा दुकानाच्या दारावर चिकटवली होती,
तिथे लोकांनी साय चार वेळा लिहिली
आणि मुरंबा कुणीच नाही.
निबंध मुलांनी पुन्हा लिहिला, कागदावर, पेन्सिलीने.
सोल्वीने डावा हात वाकवून
पानाभोवती कुंपण घातलं.
मी त्या रांगेतून गेले नाही.

संध्याकाळी अकरा कागद मोजले.
एकावर नावाची जागा कोरी.
अक्षर ओळखीचं होतं.
गुण दिले, नावाची जागा तशीच ठेवली,
आणि गठ्ठा दप्तरात घालून
बक्कल लावलं.