दोन थापा

बसला आम्ही बस म्हणत नव्हतो.
कारेर म्हणायचो.
पोर्तुगीज गेले, शब्द मागे राहिला
तिकिटांच्या पेटीच्या तळाशी,
न चालणाऱ्या नाण्यासारखा.

लाकडी अंग, पत्र्याचं नाक,
दोन लांब बाकं, समोरासमोर.
म्हणजे केप्याहून मडगावापर्यंत
खिडकीबाहेर बघायचं नसे,
समोरच्या माणसाकडे बघायचं.
मी चार वर्षं बघितलं :
सुपारीच्या पोत्यावर पाय ठेवून डुलणारे रायूकाका,
पाय बांधलेली कोंबडी, जिला तिकीट नसे,
आणि ओठ हलवत पाढे की श्लोक की इतिहास
पाठ करणारा आमोणकरांचा प्रेमानंद,
ज्याच्याकडे मी फक्त परोड्याच्या वळणावर बघायचे.
तिथे सगळेच एकमेकांवर कलंडत,
डोळ्यांचं काय घेऊन बसलात.

फोंदू किलिंडर.
तो आत असा कधी दिसलाच नाही.
अर्धा मागच्या शिडीवर, अर्धा हवेत,
आणि पत्र्यावर त्याचा तळहात.
एक थाप, थांब.
दोन थापा, चल.
तीन थापा, कुणीतरी धावत येतंय,
मिंगेल, जरा दम धर.
तीन थापा बहुतेक माझ्यासाठी असत.

पूर आला की परोड्याला रस्ता बुडे.
मिंगेल पाण्याच्या काठाशी गाडी उभी करी,
कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोट लावी,
मग आरशातून आमच्याकडे बघे :
तुमचंही कोण असेल त्याला सांगा.
आम्ही सांगायचो.
पाणी पायरीवर यायचं, कोंबडी ओरडायची.
एकदाही अडकलो नाही. नाही, एकदा अडकलो.
त्या दिवशी प्रेमानंदने माझी चप्पल
वाहून जाता जाता पकडली होती.
(पुढे तो बोटीवर गेला. दोन पत्रं आली.)

गेल्या डिसेंबरात मडगावला
जुन्या गाड्यांचा मेळा भरला.
दोरीच्या पलीकडे अकरा गाड्या, न्हाऊनमाखून,
टायरांनासुद्धा तेल चोपडलेलं.
आठव्या जागी ती.
इतकी गुळगुळीत की ओळख देईना.
कपाळावर नवं नाव, सोनेरी,
पण उन्हात तिरकं बघितलं तर
रंगाखालून जुनी अक्षरं फुगून आलेली,
जखम भरल्यावर येतात तशी.

एका मुलाने बॉनेट उघडून दाखवलं.
आत इंजिन नव्हतं.
तिथे कुणीतरी पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या.
ट्रेलरवरून आणली, तो म्हणाला,
हलकी पडते.

फोंदू नातवाच्या स्कूटरवरून आला.
कानाला यंत्र, पायांत मुलाचे बूट.
आम्हाला तिघांना आत बसू दिलं, पाचच मिनिटं :
मी, रायूकाकांची सून,
आणि कोणी एक गृहस्थ, ज्यांना
चांदरला उतरायची सवय होती, एवढंच कळलं.
फोंदू शिडीवर काही चढू शकला नाही.
खालीच उभा राहिला, पत्र्याला हात टेकून,
जनावराची कूस चाचपावी तसा.

मग दोन थापा.

गाडी कुठून हलणार?
पण आम्ही तिघंही
एकाच वेळी किंचित मागे रेललो,
माझा हात वरच्या दांड्याकडे गेला,
आणि रायूकाकांच्या सुनेने
मांडीवर नसलेली टोपली सावरली.

बाहेर कोणीतरी हसलं. फोटो निघाला.
पुढच्या माणसांची रांग लागली होती.

उतरताना फोंदूने विचारलं,
'खंय वतलें गो?'
वतलें. आमच्याकडे लहान पोरीला विचारतात तसं.
पासष्टीची बाई मी, निवृत्त शिक्षिका,
व्याकरण दुरुस्त करायची सवय,
तरी केलं नाही.
मडगावच्या मैदानात उभी राहून
मी म्हटलं, 'मडगांव.'

त्याने रस्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
'बस तर,' म्हणाला, 'वेळ आसा.'