पेच

चौक उताराचा. हातून सुटलेलं सगळं
कारंज्यापाशी येऊन थांबतं:
चेंडू, जर्दाळू, एतेल्काबाईंची हातगाडी.

वर पाशाचा घुमट.
चर्चचे दगड काढून मशीद,
मशिदीचं पुन्हा चर्च;
टोकाला चंद्रकोर, तिच्यावर क्रूस.
पेच नावाच्या शहरात
हा एवढा सोडवायला कुणी थांबत नाही.
आत लग्न चाललंय बहुतेक.

बाई हातमोजे शिवायच्या,
कारखाना बंद पडेपर्यंत.
"उजव्या हाताचा मोजा उलटा केला
की डाव्याला बसतो," म्हणतात,
घुमटाकडे न बघता.
"शिवण तेवढी बाहेर दिसते."

मग हिरव्या-सोनेरी बैलाच्या तोंडातून
पडणाऱ्या पाण्याखाली
एकेक जर्दाळू धुतात
उघड्या हातांनी,
मऊ पडलेले बाजूला काढत.