रिबन

माहीमच्या खाऱ्या हवेत
एकतीस वर्षं उभे आहेत दोन्ही स्पीकर,
दाराएवढे, दारासारखेच सपाट.
लोहचुंबक शाबूत. गोंद मात्र थकला,
पडद्यावरची तार सुटली
आणि खालच्या षड्जाला
माशी अडकल्यागत भणभण.

कोठारे आले लॅमिंग्टन रोडवरून.
आधी पंखा बंद केला.
“श्वाससुद्धा जपून,” म्हणाले,
आणि चॉकलेटच्या चांदीहून पातळ रिबन
चिमट्यानं बसवली.

मग बाईंची जुनी टेप.
भणभण गेली.
“वरचं येतंय का ऐकू?”
मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे.

शेवटी वॉचमनच्या पोराला वर बोलावलं.
तो म्हणाला, बांगडी लागतेय कुणाची तरी
तंबोऱ्याला.

आता टेप त्या जागी आली
की पाहुण्यांना हातानं गप्प करतो:
ही बघा,
वाजली.