निशाणी ४७

कसबा बावड्याच्या इमारतीत, दुपारच्या सत्रात,
पंखा एकाच पात्यावर कुरकुरत होता,
आणि इंगवले वकील वही हवेत धरून म्हणाले,
"ही बनावट आहे, मॅडम. यातली माणसं जन्मालाच आली नाहीत.
वादींनी एक तरी माणूस उभा करून दाखवावा."

वही माझ्या पुढ्यात आली.
तानुबाई साळोखे यांची खानावळ, शुक्रवार पेठ.
लाल कापडी बांधणी, कडा तेलकट,
पान तेहेतिसावर हळदीचा अंगठा.
त्याच्या खाली: मालन, कुडाळची, लॉ कालेज.
तीन महिने. बाकी १८५.

आता माझं आडनाव दुसरं आहे, दारावरच्या पाटीवर नुसती आद्याक्षरं.
समोरच्या चौदा माणसांत कुणालाच माहीत नाही
की जन्मालाच न आलेली ती मुलगी
त्यांच्याहून तीन पायऱ्या उंच बसलीय.

"कोकणातली पोरगी ही, तिखट सोसंना हिला,"
म्हणत तानुबाई माझ्या ताटाशी दह्याची वाटी सरकवायची.
दह्याचे पैसे वहीत कधी लागले नाहीत.
परीक्षेच्या आदल्या महिन्यात मी जिन्यावरूनच परत फिरले,
तर वरून ओरडली, "पैसं कुठं पळून जात्यात व्हय? जेव आधी."
पैसे पळून गेले नाहीत.
मीच गेले, पहाटेच्या एस.टी.नं, निकाल लागल्यावर.

ओळखीचं म्हणाल, तर या गावात कोण कुणाचा पाव्हणा नाही?
गंगावेशीत ज्याच्या म्हशीचं दूध माझा शिपाई आणतो
त्याच्या बांधाचा दावा मीच निकाली काढला, त्याच्या विरुद्ध,
आणि दुसऱ्या सकाळी त्यानं माप तेवढंच भरलं.
प्रत्येक ओळखीला भिऊन उठले असते
तर खुर्चीला वाळवी लागली असती.
असे सहकारीही बघितलेत मी, कारखान्याच्या चेअरमनचं नाव दिसलं
की नेमका त्याच सकाळी ज्यांचा विवेक जागा व्हायचा.
त्याला मी पळ काढणं म्हणायचे. अजूनही म्हणते.

मग हे काय आहे?
वादीच्या बाजूनं निकाल दिला, तर दह्याची वाटी.
विरुद्ध दिला, तर ती वाटी पदराखाली लपवायची धडपड.
आणि त्याहून सरळ गोष्ट:
वही खरी आहे हे मला ठाऊक आहे,
पुराव्यानं नव्हे, जिभेनं.
साक्षीदाराचं काम खुर्चीत बसून करता येत नाही.

निशाणी टाकायला कारकुनानं नेमकं तेच पान उघडून दिलं.
सही बाकीच्या आकड्याशेजारी लागणार होती.
मी पेनाचं टोपण लावलं.

नुसतं "माझ्यासमोर नको" एवढं लिहून भागलं असतं.
दोन शब्द. कारण विचारायची रीत नाही.
पण मग ती मुलगी पुन्हा जन्माला आलीच नसती.
मी सांगितलं, गुरवबाईंनी टाइप केलं:
"पान ३३ वरील मालन म्हणजे मी. रक्कम दिलेली नाही.
सबब हे प्रकरण माझ्यासमोर नको.
मा. प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे सादर करावे."
मधल्या वाक्यावर गुरवबाईंची बोटं अडली.
"हे ठेवायचं, मॅडम?"
ठेवा म्हटलं.

इंगवले खाली बसले, उभे राहिले, पुन्हा बसले.
वादीच्या बाकावर तानुबाईची नात.
इतक्या तारखांत तिनं पहिल्यांदा मान वर करून बघितलं.
मी पुढच्या प्रकरणाचा पुकारा करायला सांगितला.

पर्समध्ये तेव्हापासून एक पाकीट आहे, एकशे पंच्याऐंशी, सुटे.
व्याज काय लावावं ते ठरत नाही,
आणि दावा मिटेपर्यंत द्यायचेही नाहीत.
शुक्रवार पेठेतली जागा, त्यात भाऊबंदकी.
गुरवबाई म्हणतात, पंधरा वर्षं सहज.