काल लावलं तसंच

विजयदुर्गला, बंदराच्या वर, मासळी वाळवायच्या माळावर
तेंडोलकरांनी पडदा लावला तो महागिरीच्या जुन्या शिडाचा.
मधोमध ठिगळ. जर्मन बाई जवळ आली
की ते नेमकं तिच्या डाव्या गालावर यायचं,
आणि ती रडायची ती त्या ठिगळावर.

मी अकरा वर्षांचा. कार्बाइडच्या दिव्यात
थेंब थेंब पाणी सोडायचं काम माझं.
पुरुष पुढे, बायका शिडाच्या पाठीमागे.
त्यांना अक्षरं उलटी दिसायची.
सुलटी दिसून आम्ही तरी काय वाचणार होतो?

म्हणून खाडीपलीकडून आणले याकूब सोलकर,
हँबर्गच्या बोटीवर सात वर्षं कोळसा ओढलेले.
त्यांना जर्मन यायचं ते एवढं: दोर. पाव. ओढ. गप.
त्या चार शब्दांवर ते बोलत राहिले.
"ही म्हणते, नको जाऊस. तो म्हणतो, पगार आहे."
पांढरं काही पडू लागलं तेव्हा कोणी विचारलं, मीठ काय?
सोलकर थांबले. "मीठच," म्हणाले,
"पण हातात घेतलं की पाणी होतं."

डब्यांवरचे आकडे खाऱ्या हवेनं खाल्लेले.
तिसरं रीळ आधी लागलं:
नवरा बुडाला, टोपी तेवढी परत आली,
तिनं ती चुलीशी वाळत घातली.
मग दुसरं लागलं, आणि तो दारात.
टोपी डोक्यावर. पाव कापतोय. हसतोय.

सोलकरांचा आवाज कुठेतरी गेला.
"आला," म्हणाले. बास.

सकाळी मथुरी कोयंडे टोपलीत सुके बांगडे घेऊन आली.
तिचा भिवा कौलं आणायला पातेमारीवरून मंगळूरला गेलेला,
दोन शिमगे झाले. टोपीसुद्धा नाही.
तेंडोलकर वरमले, आज नीट लावतो म्हणाले.
"नीट नको. काल लावलास, तसाच लाव."

चार रात्री तसंच लागलं.
शेवटच्या रात्री मी दिवा सोडून मागे गेलो,
बायकांत, मथुरीच्या शेजारी.
तिकडून तो डाव्या हातानं पाव कापत होता.

भिवा डावरा होता. आम्हा पोरांना
गाबोळी कापून द्यायचा, त्याच हातानं.

पडदा पिवळा पडत गेला.
पुढून कोणीतरी ओरडलं,
अरे, पाणी! पाणी सोड!