चार दशांश

डिसेंबर लागला की कोलोनिया बेर्ताला
दुपारच्या बसने खोकी येतात.
आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले चषक,
वर चिठ्ठी: ओतिलिया गास्ताल्दी, घाई आहे.
दरवर्षी घाईच असते.
दहा महिने धूळ उडवत फिरलेल्यांना
नाव मात्र शुक्रवारपर्यंत हवं.

मी शर्यत एकदाही पाहिलेली नाही.
आवाज सोसत नाही मला.
त्यांचा हंगाम संपतो तेव्हा माझा लागतो,
भिंगाखाली, सुईच्या टोकावर.

ट्रकांच्या मालिकेचा फाउस्तो ब्रुनेंगो:
तीन शर्यती शिल्लक असतानाच किताब त्याचा,
उरलेल्या तीन म्हणे खिडकीतून हात हलवत चालवल्या.
कार्टिंगची मिलाग्रोस झ्वेंगर, वय तेरा.
तिच्या आईने फोनवर आडनाव तीनदा सांगितलं,
डाळीतले खडे वेचावेत तसं, एकेक अक्षर.
मातीच्या रिंगणातल्या बुटक्या गाड्यांचा अनिबाल रोत्ता
वर्षभरात एकही शर्यत जिंकला नाही.
आठदा दुसरा आला,
आणि बेरीज केली तर पहिला.
त्याचं नाव मी जरा खोल कोरलं.
का, ते विचारू नका.

आणि मोठ्या गाड्यांचा दार्दो फेनोलियो.
चांदीचा फिरता चषक,
त्याच्या पोटावर साठ वर्षांची नावं,
काही पुसट, काही एकाच घरातली.
फेनोलियोच्या नावात तीन ओ.
सरळ रेषेत कुणीही जातं हो,
सुई घसरते ती वळणावर.
तिन्ही नीट निघाले. मी चषक पुसून ठेवला.

मंगळवारी फोन आला.
तपासणीत कार्ब्युरेटरचा घसा मोठा निघाला होता,
किती, तर चार दशांश मिलिमीटर.
गुण गेले.
लिसांद्रो विलानी विजेता.
पलीकडच्या माणसाने घसा खाकरला:
तेवढं नाव काढून टाका, बाई.

लोकांना वाटतं नाव पुसलं जातं.
कोरलेलं पुसलं जात नाही.
भोवतालची चांदी घासत घासत
अक्षराच्या तळापर्यंत खाली आणावी लागते,
एवढंच.
दोन रात्री लागल्या.
नखात काळी राख,
आणि चषकाच्या पोटावर एक खळगा,
डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतो.

रविवारी, गाव दुपारचं झोपलेलं असताना
दुधाचा टँकर दारात थांबला.
त्यातून उतरला तो पन्नाशीचा, बुटका,
टोपी हातात, बनियनला ग्रीसचे डाग.
नाव सांगितलं नाही.
मी ते अक्षरन् अक्षर ओळखत होते.

बघू का, म्हणाला.
मी चषक पुढे सरकवला. विलानी अजून कोरायचा होता.
त्याने अंगठा फिरवला, थांबला, परत मागे आणला.
इथे?
इथेच.
किती काढलंत तुम्ही?
मापक माझ्या खिशात होता, पण लागला नाही.
चार दशांश, म्हटलं. जवळपास.

हसू आलं त्याला.
आधी नाकातून, मग खांदे हलेपर्यंत,
मग ते हसूच आहे की नाही हे मला समजेना,
म्हणून मी माते ओतायला आत गेले.
गरम पाणी अंमळ जास्तच वेळ ओतत राहिले.

बाहेर आले तर तो दारात उभा.
माझ्या भावाने भोक पाडलं होतं, म्हणाला.
जेवायला येत नाही तेव्हापासून.
माते प्यायला, भांडं परत दिलं,
रिकाम्या चषकाला टोपीने हलकेच वारा घातला,
उन्हात एखाद्या पोराला घालावा तसा.

टँकर सुरू झाला.
पहिला गिअर, दुसरा,
सायलोपाशी वळताना वेग जराही न मोडता तिसरा.
मी सुई हातात धरून
आवाज विरेपर्यंत ऐकत होते.
मग खिडकी लावली,
आणि खळग्यात पहिलं अक्षर मांडलं.