पुढचा कोण

पोस्ट बंद झालं तेव्हा हेल्वेनं
फक्त काउंटरवरचं अ‍ॅक्रिलिक मागून आणलं.
साथीच्या वर्षी बसवलेलं,
मधोमध बोलण्यापुरतं गोल भोक.

मी जुनिपरची फळी काढली.
सारेमा बेटावर हे झाड इतकं सावकाश वाढतं
की मनगटाएवढ्या खोडात माझ्याहून जास्त वलयं.
रंधा फिरला की शेडभर मिरीसारखा वास.

अ‍ॅक्रिलिकला घाई चालत नाही.
करवत तापली की कड वितळते,
कापलेलं मागच्या मागे चिकटून बसतं.
दोन तुकडे तडकले.
तिसरा पाणी शिंपडत, दम खात.

पेन्सिलींचा कप्पा, चष्म्याचा,
आणि तिनं सांगितला नव्हता तो,
उथळ, तिकिटांचा.

पॉलिशचं फडकं घेतलं तर म्हणाली,
ओरखडे राहू देत.
हा लेंबिटच्या अंगठीचा,
पेन्शन मोजेपर्यंत ठोकत राहायचा.

भोक कुठे घ्यावं कळेना.
शेवटी पुढच्या बाजूला घेतलं,
कात्री अडकवायला.

कात्री अजून खणातच आहे.
संध्याकाळी ती टेबलाशी बसते,
वाकून भोकाशी तोंड नेते,
"पुढचा कोण?"

मी कॉफीचे दोन कप घेऊन
रांगेत.